किल्ली फिरवली की फिश फाइंडर का बंद पडतो: बोटीवरच्या बॅटरीचा हिशेब

इंजिनाची किल्ली फिरवली की फिश फाइंडरचा, म्हणजे सोनारने मासे आणि तळ दाखवणाऱ्या यंत्राचा, पडदा काळा होतो आणि यंत्र पहिल्यापासून सुरू होतं. किंवा सकाळी सगळं ठीक चालतं, दुपारी तळाची रेषा तुटक दिसायला लागते आणि थोड्या वेळाने व्होल्टेज कमी असल्याची सूचना येते. अशा वेळी बहुतेक जण यंत्रावर किंवा ट्रान्सड्यूसरवर (पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागावर) संशय घेतात, सॉफ्टवेअर अपडेट करतात, काही जण तर यंत्रच बदलून टाकतात. खोट मात्र बरेचदा मागे, बॅटरीच्या पेटीत असते, नाहीतर तिथून पडद्यापर्यंत येणाऱ्या वायरीत.

बॅटरीवर किती अँपिअर-तास छापले आहेत हे यंत्राला ठाऊक नसतं. त्याच्या पाठीमागच्या प्लगपाशी किती व्होल्ट पोहोचले, एवढंच त्याच्या लेखी खरं. १२ व्होल्टच्या बहुतेक फिश फाइंडरना आणि प्लॉटरना (बोटीची जागा नकाशावर दाखवणाऱ्या यंत्रांना) चालू राहायला किमान १० व्होल्टच्या आसपास लागतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तो शोधून लिहून ठेवा. त्याखाली क्षणभर जरी व्होल्टेज घसरलं तरी यंत्र बंद. बॅटरी निवडण्यापासून टर्मिनल घासण्यापर्यंत पुढे जे काही लिहिलं आहे ते सगळं या एका आकड्यासाठी आहे.

इंजिनाची बॅटरी इंजिनालाच

स्टार्टर मोटर सुरू होताना शेकडो अँपिअर ओढते. त्या दोन-तीन सेकंदांत चांगल्या बॅटरीचं व्होल्टेजही १० च्या जवळ येतं, थकलेल्या बॅटरीचं त्याच्याही खाली जातं. पडदा काळा होतो तो याच क्षणी. म्हणून माझं मत ठाम आहे: पडदे, सोनार आणि प्लॉटर यांना स्वतःची वेगळी बॅटरी हवी. बोट लहान आहे, जागा नाही, ही अडचण खरी असली तरी ७ इंची एकच पडदा असेल तर त्याला २० अँपिअर-तासांची छोटी लिथियम बॅटरी दिवसभर पुरते आणि ती बसायच्या फळीखालीही मावते.

इंजिनाच्या बॅटरीवरच यंत्रं चालवली तर दुसरं नुकसानही होतं. स्टार्टर बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. त्यामुळे पृष्ठभाग मोठा मिळतो आणि क्षणात भरपूर करंट देता येतो. पण अशी बॅटरी पुन्हा पुन्हा खोलवर उतरवली की प्लेटांवरचा मसाला सुटून तळाशी साचतो आणि काही डझन खेपांतच तिची ताकद जाते. डीप सायकल बॅटरीच्या प्लेटा जाड असतात. तिला एका झटक्यात तेवढा करंट देता येत नाही, पण हळूहळू उतरणं आणि पुन्हा भरणं ती शेकडो वेळा सोसते. 'ड्युअल पर्पज' म्हणून विकली जाणारी बॅटरी या दोघींच्या मधली. एकच बॅटरी ठेवणं भाग असेल तेव्हा ती घ्यावी. दोन बॅटऱ्यांना जागा असेल तर तिचं काही काम नाही.

बॅटरीवरचे आकडेही याच फरकाकडे बघून वाचायचे. 'सीसीए' हा उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद देता येणारा करंट आणि 'एमसीए' हा तसाच, पण शून्य अंशाला मोजलेला. दोन्ही इंजिन सुरू करण्यापुरते. पडद्यांसाठी बघायचा तो 'एएच', म्हणजे अँपिअर-तास, आणि तोही २० तासांच्या दराने मोजलेला. काही बॅटऱ्यांवर फक्त 'रिझर्व्ह कपॅसिटी' मिनिटांत दिलेली असते, म्हणजे २५ अँपिअर ओढत राहिल्यास १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला लागणारा वेळ. १२० मिनिटं लिहिली असतील तर २५ अँपिअरने ती ५० अँपिअर-तास देते. हळू ओढल्यास त्याहून थोडे जास्त मिळतात.

किती अँपिअर-तास लागतात

अंदाजाने बॅटरी घेऊ नका, बेरीज करा. प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत खप अँपिअरमध्ये किंवा वॉटमध्ये दिलेला असतो. वॉटला १२ ने भागलं की अँपिअर मिळतात. साधारण अंदाज सांगायचा तर ७ इंची पडदा १ अँपिअरच्या आसपास ओढतो, ९ इंची दीड ते २, १२ इंची अडीच ते ४. लाइव्ह सोनारची वेगळी पेटी आणखी २ ते ५ अँपिअर घेते, आणि हाच खप लोक हिशेबात धरायला विसरतात. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकताना अर्धा अँपिअरही घेत नाही. २५ वॉटवर बोलताना मात्र ५ ते ६ अँपिअर. मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप २ ते ३ अँपिअर. पडद्याच्या खपाचा मोठा हिस्सा त्याच्या उजेडात जातो, म्हणून खप मोजायचा तो प्रखर उन्हात ठेवाल तेवढ्या पूर्ण उजेडावर. एकदा सगळं चालू करून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर पॉझिटिव्ह वायरीला लावला की कागदी हिशेबाची गरजच उरत नाही.

समजा १२ इंची पडदा ३ अँपिअर, ९ इंची दीड, लाइव्ह सोनार ३ आणि कंपास-नेटवर्क वगैरे अर्धा. एकूण ८ अँपिअर. पाण्यावर ८ तास म्हणजे ६४ अँपिअर-तास. शिसं-ॲसिडची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये, म्हणून ६४ च्या दुप्पट १२८. त्यात म्हातारपणासाठी वीस टक्के मिळवले की आकडा दीडशेच्या घरात जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्के खुशाल वापरता येते. तिथे ६४ भागिले ०.८ म्हणजे ८०, आणि हाताशी शिल्लक हवी म्हणून १०० ची घ्यायची.

शिसं-ॲसिडमध्ये आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. बॅटरी जितकी लहान आणि ओढ जितकी जास्त, तितकी तिची क्षमता प्रत्यक्षात घटते. ६० अँपिअर-तासांचा आकडा ३ अँपिअर २० तास ओढले तर खरा असतो. तिच्यातून ८ अँपिअर ओढायला लागलात तर बॅटरीच्या घडणीप्रमाणे ५० च्या आसपासच हाती लागतात, आणि त्यातले निम्मेच वापरायचे. म्हणजे तीन तास. 'बॅटरी नवी आहे तरी टिकत नाही' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. दीडशेच्या बॅटरीवर हेच ८ अँपिअर जवळपास तिच्या २० तासांच्या दराइतके आहेत, तिथे ही घट नगण्य राहते.

पाण्याची, एजीएम की लिथियम

पाणी घालायची साधी बॅटरी स्वस्त असते, दुरुस्तीला सोपी असते आणि थोडा जास्त चार्ज झाला तरी सोसते. पण तिला हवा खेळती लागते, ती उभीच ठेवावी लागते आणि लाटांच्या दणक्यांनी प्लेटांचा मसाला लवकर झडतो. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, त्यामुळे ते सांडत नाही आणि हादरे ती चांगले सोसते. तिचा शत्रू म्हणजे जास्तीचा चार्ज. उडालेलं पाणी परत भरायला तिला झाकणच नसतं. उघड्या, उसळणाऱ्या बोटीवर शिसं-ॲसिडच घ्यायची असेल तर मी एजीएमच सुचवतो.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा पडद्यांसाठी खरा फायदा वजनाच्या पलीकडचा आहे. वजनात फरक मोठाच: १०० अँपिअर-तासांची शिसं-ॲसिड बॅटरी २७ ते ३२ किलो भरते, लिथियम १० ते १३. पण त्याहून मोलाचं म्हणजे तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकतं. शिसं-ॲसिडचं सकाळपासूनच उतरत जातं, आणि दुपारी वायरीतली थोडी घटही मग यंत्राला जड जाते.

याच गुणाची दुसरी बाजूही आहे. उतार जवळजवळ नसल्यामुळे व्होल्टेज बघून बॅटरी किती उरली ते कळत नाही. १३.२ वर ती ७० टक्के असू शकते, १३.० वर २५-३०. शेवटच्या दहा टक्क्यांत व्होल्टेज कोसळतं आणि आतली संरक्षण यंत्रणा, जिला बीएमएस म्हणतात, ती बॅटरीच तोडून टाकते. पडदे एकदम बंद होतात, आधी काही चाहूल नाही. म्हणून लिथियमबरोबर शंट लावलेला मीटर घ्या. तो आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजून टक्केवारी दाखवतो. ज्यांच्या बीएमएसमध्ये ब्लूटूथ आहे त्यांचा फोनवरचा आकडाही चालतो, पण एक-दोन अँपिअरसारखा बारीक खप काही बीएमएस नीट मोजत नाहीत. दर काही खेपांनी एकदा पूर्ण भरून तो आकडा शंभरावर आणावा लागतो.

लिथियम घेताना तीन प्रश्न विचाराच. शून्य अंशाखाली चार्जिंग बीएमएस स्वतः थांबवते का? पेटी पाण्यापासून किती सुरक्षित आहे, आयपी ६५ की ६७? सतत किती अँपिअर देऊ शकते? पडद्यांना ५० अँपिअरची बीएमएसही पुष्कळ झाली. तीच बॅटरी कधी ट्रोलिंग मोटरला, म्हणजे बोट हळू चालवणाऱ्या विजेच्या मोटरला, लावायचा विचार असेल तर ती अपुरी पडेल.

हल्ली पडद्यांसाठी १६ व्होल्टच्या लिथियम बॅटऱ्या मिळतात. लांब वायरीवर त्यांचा उपयोग होतो हे खरं. पण पाच सेलची अशी बॅटरी पूर्ण चार्ज होताना १८.२५ व्होल्टपर्यंत जाते. यंत्राची वरची मर्यादा २० असेल तर हरकत नाही, १७ असेल तर तुम्ही ते जाळाल. रेडिओ, पंप, दिवे आणि जुने पडदे यांना ही बॅटरी लावूच नका. पुस्तिकेत मर्यादा सापडली नाही तर साधी १२ व्होल्टचीच घ्या.

मोठी ट्रोलिंग मोटर २४ किंवा ३६ व्होल्टची असते, म्हणजे दोन-तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट काढून पडदा चालवण्याचा मोह आवरा. ती एक बॅटरी इतरांपेक्षा जास्त उतरते, चार्जिंगला सगळा संच बिघडतो, आणि मोटरच्या वेगनियंत्रकाचा गोंगाट थेट सोनारमध्ये शिरतो.

वायर: इथेच सगळे फसतात

चांगली बॅटरी घेऊन ती बारीक वायरीने जोडणं ही मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक. हिशेब सोपा आहे. बॅटरी मागे, पडदा नाळेकडे, अंतर ६ मीटर. करंट जाऊन परत येतो म्हणून वायर १२ मीटर धरायची. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत त्या लांबीला ०.१४ ओहम रोध येतो. ५ अँपिअर वाहिले की ०.७ व्होल्ट वाटेतच संपले. २.५ च्या वायरीत ०.४२, ४ च्या वायरीत ०.२६. इलेक्ट्रॉनिक्ससाठी घट ३ टक्क्यांत, म्हणजे १२ व्होल्टला ०.३६ च्या आत ठेवायची, म्हणून इथे ४ चौरस मिलिमीटरची वायर. निम्मी उतरलेली शिसं-ॲसिड बॅटरी भाराखाली १२ व्होल्ट देते. त्यातून ०.७ गेले आणि फ्यूजच्या गंजलेल्या खोबणीत आणखी ०.५ गेले की १०.८ उरले. तेवढ्यात पंप सुरू झाला की पडदा बंद.

यंत्राबरोबर आलेली वायर बारीक असते, ती दीड-दोन मीटरसाठीच धरा. ती लांबवायची असेल तर पुढची वायर जाड घ्या. वायर कल्हई केलेल्या, बारीक तारांच्या तांब्याची हवी. साध्या तांब्याच्या वायरीत खारी हवा आवरणाखालून वर चढते, आणि सोलली की आत काळी पडलेली दिसते. जोड क्रिम्पने करा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसता डाग देऊन केलेला जोड हादऱ्यांनी डागाच्या कडेला तुटतो. कारमधल्या सिगारेट लायटरसारखा सॉकेट फोन चार्ज करायला ठीक आहे, सोनारला नाही.

पॉझिटिव्ह वायरीवर मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. 'अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल'च्या विद्युत मानकात हे अंतर साधारण १८ सेंटिमीटरच्या आत सांगितलं आहे, काही अपवाद सोडून. हा फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरीच्या जाडीप्रमाणे घ्यायचा. ४ चौरस मिलिमीटरला २० अँपिअर सुरक्षित आहे. यंत्राचा स्वतःचा फ्यूज वेगळा, पुस्तिकेत लिहिला असेल तेवढाच, आणि तो यंत्राकडे जाणाऱ्या फाट्यावर. फ्यूज उडतो म्हणून मोठा घालू नका. आधी तो का उडतो ते शोधा. बहुतेक वेळा वायर कुठल्यातरी कडेला घासून उघडी पडलेली सापडते.

पडद्यावर ठिपके किंवा तिरक्या रेषा येत असतील तर एकेक यंत्र बंद करत जा. ट्रोलिंग मोटर बंद केल्यावर रेषा गेल्या तर मोटरच्या वायरी आणि ट्रान्सड्यूसरची केबल शेजारून धावत असणार. त्या दूर करा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. पडद्याच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वायरी एकमेकींना पीळ देऊन ओढा. ट्रान्सड्यूसरची उरलेली केबल कापू नका. इंजिनाची माहिती एनएमईए २००० या बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्कवरून पडद्यावर घेत असाल तर दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एका जाड वायरीने जोडलेले हवेत, आणि नेटवर्कला वीज एकाच ठिकाणाहून द्यायला हवी. नाहीतर आकडे मधूनच गायब होतात आणि कारण सापडत नाही.

चार्ज करणं

शिसं-ॲसिड बॅटरी मरते ती वापराने कमी आणि अर्धवट चार्ज राहिल्याने जास्त. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं. दिवसचे दिवस तसंच राहिलं तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी. म्हणून पाण्यावरून आलात की त्याच दिवशी चार्जर लावा, सुट्टीच्या आदल्या रात्री नाही.

चार्जर तीन टप्प्यांचा आणि बॅटरीच्या जातीप्रमाणे बदलता येणारा हवा. पाण्याच्या बॅटरीला दुसऱ्या टप्प्यात १४.४ ते १४.८ व्होल्ट, एजीएमला १४.४ ते १४.७, जेलला (ॲसिड जेलीसारखं घट्ट केलेल्या बॅटरीला) १४.१ ते १४.४, लिथियमला १४.२ ते १४.६. भरल्यानंतर शिसं-ॲसिडला १३.२ ते १३.८ च्या दरम्यान ठेवतात. लिथियमला त्या टप्प्याची गरज नाही. नेमका आकडा बॅटरीच्या कागदावरून घ्या. चार्जरचे अँपिअर बॅटरीच्या १० ते २० टक्के: १०० अँपिअर-तासांना १० ते २०. एजीएम आणि लिथियम त्याहून जास्त घेऊ शकतात. शिसं-ॲसिडचे शेवटचे २० टक्के भरायला तीन ते पाच तास लागतात, तो वेळ कुठल्याही मोठ्या चार्जरने वाचत नाही. काही चार्जरवर सल्फेट साचलेल्या प्लेटा 'मोकळ्या' करायचा एक टप्पा असतो, तो १५.५ ते १६ व्होल्टपर्यंत नेतो. तो फक्त पाणी घालायच्या बॅटरीसाठी, तोही यंत्रांच्या वायरी सोडवून. एजीएमला किंवा लिथियमला तो लावणं म्हणजे बॅटरीचा जीव घेणं.

इंजिनावर फार विसंबू नका. लहान आउटबोर्ड इंजिन मंद गतीवर जेमतेम काही अँपिअर देतं; दिवसभर हळू फिरत मासेमारी केली तर पडद्यांचाही खर्च निघत नाही. दोन शिसं-ॲसिड बॅटऱ्या इंजिनावर चार्ज करायच्या तर मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले लावतात. तो १३.३ च्या आसपास जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो. लिथियमबरोबर हा रिले चालत नाही, आणि हे विकणारेही बरेचदा सांगत नाहीत. भरलेल्या लिथियमचं शांत व्होल्टेजच १३.३ असतं, त्यामुळे इंजिन बंद झालं तरी रिले सुटत नाही आणि दोन्ही बॅटऱ्या जोडलेल्याच राहतात. शिवाय लिथियमचा आतला रोध फार कमी, ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढं ओढते आणि त्याला तापवते. बीएमएसने मधेच तोडलं तर व्होल्टेजचा झटका उलटा अल्टरनेटरच्या डायोडांवर आणि पडद्यांवर येतो. यावर उपाय म्हणजे डीसी ते डीसी चार्जर, तोही इंजिनाच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आतला.

देखभाल

पाण्याच्या बॅटरीत महिन्यातून एकदा, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, पातळी बघा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं किंवा ॲसिड नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढंच आधी घाला, चार्ज करा, आणि मग प्लेटांच्या वर १० ते १२ मिलिमीटरपर्यंत भरा. आधीच गळ्यापर्यंत भरलं की चार्ज होताना पाणी फुगून ॲसिडसकट बाहेर येतं आणि पेटीचा तळ खातं.

ॲसिडची सापेक्ष घनता मोजणारा हायड्रोमीटर स्वस्त आहे आणि खोटं बोलत नाही. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये १.२६५ ते १.२८०, निम्म्यावर १.१९० च्या आसपास. उष्ण हवेसाठी बनवलेल्या काही बॅटऱ्यांत भरल्यावरही १.२४० असतं, ते बॅटरीवर लिहिलेलं असतं. आकडा किती यापेक्षा सहा सेलांमधला फरक बघा: एखादा सेल इतरांहून ०.०५० ने मागे असेल तर बॅटरी गेली, कितीही चार्ज करा.

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी पूड दिसली तर आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ते ओता, फेस थांबला की तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, साध्या पाण्याने धुवा, सुकवा. साधी बॅटरी असेल तर झाकणं घट्ट असल्याची खात्री आधी करा, सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. आधी लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसवा, मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. मध्ये ग्रीस आलं तर संपर्क बिघडतो. पंखांचे नट हादऱ्यांनी ढिले होतात. त्यांच्या जागी आत नायलॉनची कडी असलेले स्टेनलेसचे नट घाला. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

चार्ज होताना शिसं-ॲसिडमधून हायड्रोजन निघतो, तो हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. पेटी हवेशीर हवी, चार्जरची क्लिप चार्जर बंद करूनच काढायची, डोळ्यांवर चष्मा आणि हातातली अंगठी-घड्याळ बाजूला. खारं पाणी बॅटरीत शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून पेटी बोटीच्या तळच्या साचणाऱ्या पाण्याच्या वर बसवा आणि पट्ट्याने अशी बांधा की हाताने जोर लावला तरी २५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलणार नाही.

मल्टिमीटरने माग काढणं

पडदे बंद पडायला लागले की आधी बॅटरी बदलू नका. सगळी यंत्रं पूर्ण उजेडावर चालू करा. बॅटरीच्या खुंट्यांवर व्होल्ट मोजा, मग पडद्याच्या प्लगपाशी मोजा. फरक ०.३६ पेक्षा जास्त असेल तर खोट वाटेत आहे. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरं त्याच खुंटीवरच्या लगवर ठेवा: ०.०५ पेक्षा जास्त दिसलं तर तो जोड घासायचा. असंच फ्यूजच्या दोन्ही बाजूंना, स्विचच्या दोन्ही बाजूंना, आणि निगेटिव्हच्या वाटेवरही. निगेटिव्हची बाजू तपासायचं बहुतेक जण विसरतात आणि खराब जोड तिथेच दडलेला असतो. पडद्यावर व्होल्टेज दाखवायची सोय असते, ती कायम चालू ठेवा. शिसं-ॲसिडला सूचना १२.० वर लावा, लिथियमला १२.८ वर.

वाट ठीक असेल तर बॅटरीची पाळी. पूर्ण चार्ज करून, काही न जोडता, निदान चार तास, शक्यतो रात्रभर ठेवा. पाण्याची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, एजीएम १२.८ च्या पुढे, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. चार्जरवरून काढल्या काढल्या दिसणारे १३ व्होल्ट फसवे असतात. खरी परीक्षा भाराची. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ५ अँपिअरचा भार, म्हणजे ६० वॉटचा १२ व्होल्टचा दिवा, लावा आणि १०.५ व्होल्टपर्यंत किती तास चालते ते मोजा. २० तास म्हणजे नव्यासारखी, १६ तासांच्या खाली आली की क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेली, बदलायची तयारी ठेवा. ही परीक्षा बॅटरीला झीज देते, म्हणून वर्षातून एकदाच, आणि संपताच लगेच चार्जिंगला. लिथियमची परीक्षा तशीच, पण तिथे बीएमएस स्वतः तोडेपर्यंत किंवा बॅटरीच्या कागदावर दिलेल्या खालच्या व्होल्टपर्यंत. बदलताना समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एकच बदलू नका. जुनी नवीला ओढून खाली आणते.

बोट महिनाभर उभी राहणार असेल तर मुख्य स्विच बंद असूनही काय चालू राहतं ते बघा. रेडिओची मेमरी, बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) तरंगता स्विच, मीटर, सगळं मिळून ५० मिलिअँपिअर ओढत असेल तर ३० दिवसांत ३६ अँपिअर-तास गेले. बिल्ज पंप कधीच तोडायचा नाही, बाकीच्यांची निगेटिव्ह सोडवा. शिसं-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि दर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा भरा. गोठवणाऱ्या थंडीत उतरलेली बॅटरी उणे १० अंशांच्या आसपास गोठून फुटते, भरलेली उणे ५० च्याही खाली टिकते. लिथियम मात्र ४० ते ६० टक्क्यांवर, चार्जरपासून सोडवून, सावलीच्या गार जागी. इंजिनाच्या बंद पेटीत उन्हात तापत ठेवलेली कुठलीही बॅटरी लवकर म्हातारी होते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना शिसं-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं धरतात. हंगाम सुरू होताना ती बाहेर काढाल तेव्हा बोटीत बसवण्याआधी पूर्ण चार्ज, रात्रभर विश्रांती आणि एकदा व्होल्टची नोंद करा. त्याच नोंदीखाली गेल्या वर्षीचा आकडा असेल तर शेजारी ठेवून बघा.